वॉशिंग्टनला न गेलेला न्यायाधीश

एखाद्या न्यायमूर्तींची कारकीर्द कशी झाली, असे विचारले की आपल्याकडे उत्तर बहुधा पदांच्या क्रमाने येते. वकिली, उच्च न्यायालय, मुख्य न्यायमूर्तिपद आणि योग असेल तर दिल्ली. दिल्लीला गेले म्हणजे कारकिर्दीचे सार्थक झाले, नाही गेले तर थोडक्यात हुकली, असा आपला हिशेब असतो. या हिशेबाने रॉजर ट्रेनर यांची कारकीर्द हुकलेली म्हणावी लागेल. १९४० साली ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, १९६४मध्ये तिथले मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९७०मध्ये निवृत्त झाले. वॉशिंग्टनमधल्या संघीय सर्वोच्च न्यायालयाची पायरी ते न्यायाधीश म्हणून कधीच चढले नाहीत. तरीही विसाव्या शतकातील अमेरिकी कायद्याचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव टाळता येत नाही. सदोष वस्तूमुळे इजा झालेल्या ग्राहकाला आज जगातल्या अनेक देशांत जे संरक्षण मिळते, त्यामागचा विचार त्यांनी एका राज्याच्या न्यायासनावरून मांडला होता. न्यायाधीशाचे खरे वजन त्याच्या खुर्चीच्या उंचीत नसते. त्याची कारणमीमांसा जी न्यायालये मानायला मुळीच बांधील नाहीत, त्यांनी ती आपण होऊन स्वीकारली का, यावर ते ठरते. आणि अशी कारणमीमांसा मुरायला वेळ लागतो. ट्रेनर यांची तीस वर्षे या दोन्ही गोष्टींचा पुरावा आहेत.

आधी व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्यापेक्षा मुळातच वेगळी आहे. भारतात न्यायव्यवस्था एकसंध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने राज्याच्या भाडे कायद्याचा अर्थ लावला तरी त्याविरुद्ध दिल्लीला दाद मागता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभरातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक ठरतो. अमेरिकेत पन्नास राज्यांची पन्नास संविधाने आहेत आणि प्रत्येक राज्याला स्वतःचे अंतिम न्यायालय आहे. करार, अपघाताची नुकसानभरपाई, मालमत्ता, विवाह, वारसा आणि बहुतेक फौजदारी गुन्हे हे सगळे प्रामुख्याने राज्याच्या कायद्याचे विषय आहेत. संघीय संविधानाचा किंवा संघीय कायद्याचा प्रश्न नसेल, तर या विषयांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. त्याने आपल्या राज्याचा कायदा चुकीचा सांगितला, असे वॉशिंग्टनच्या न्यायालयाला म्हणता येत नाही. उलट १९३८पासून संघीय न्यायालयांनाच अशा दाव्यांत त्या त्या राज्याचा कायदा पाळावा लागतो. म्हणजे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला आपल्या उच्च न्यायालयाच्या रांगेत बसवणे चूक ठरेल. आपल्या क्षेत्रात ते शेवटचे न्यायालय असते आणि क्षेत्राबाहेर मात्र त्याचा अधिकार शून्य असतो. कॅलिफोर्नियाचा निकाल शेजारच्या नेवाडालाही बांधून ठेवत नाही. तिथल्या न्यायाधीशाला तो पटला तरच तो तिथे चालतो.

ट्रेनर यांचा जन्म १९०० सालचा, युटा राज्यातील पार्क सिटी या खाणगावातला. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, कायद्याची पदवी घेतली आणि तिथेच शिकवू लागले. करविषयक कायदा हा त्यांचा खास विषय. १९३०च्या मंदीच्या दशकात कॅलिफोर्नियाचे विक्रीकरासारखे कायदे तयार करण्यात त्यांचा हात होता. १९४० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली तेव्हा गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी आधी बर्कलीतलेच दुसरे प्राध्यापक मॅक्स रेडिन यांचे नाव सुचवले होते. कॅलिफोर्नियात गव्हर्नरच्या निवडीला तीन सदस्यांच्या आयोगाची मान्यता लागते. त्या आयोगाने रेडिन यांचे नाव फेटाळले. विरोधात मत देणाऱ्यांत राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन होते. मग ट्रेनर यांचे नाव पुढे आले आणि मंजूर झाले. कोर्टात वकिली केल्याचा फारसा अनुभव नाही, कनिष्ठ न्यायालयात एक दिवसही न्यायदान केलेले नाही, असा चाळिशीतला प्राध्यापक थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात येऊन बसला. या अनुभवशून्यतेवर टीका होणे स्वाभाविक होते. पण तिची दुसरी बाजूही होती. ‘हे असेच चालत आले आहे’ हे उत्तर वर्षानुवर्षे ऐकून अंगवळणी पडण्याआधीच ते न्यायासनावर बसले होते. एखादा जुना नियम समोर आला की तो कशासाठी निर्माण झाला आणि ते कारण आज शिल्लक आहे का, हा प्रश्न ते प्राध्यापकाच्या सवयीने विचारत राहिले.

या सवयीचा पहिला मोठा परिणाम १९४४च्या एका खटल्यात दिसला. ‘एस्कोला विरुद्ध कोका-कोला बॉटलिंग कंपनी ऑफ फ्रेस्नो’ हे त्याचे नाव. एका उपाहारगृहातली वेट्रेस कोका-कोलाच्या बाटल्या पेटीतून काढून फ्रिजमध्ये ठेवत होती. तीन बाटल्या ठेवून झाल्या. चौथी तिने पेटीपासून जेमतेम दीड फूट हलवली असेल, तोच ती हातात फुटली. तळहाताला पाच इंचांची खोल जखम झाली आणि रक्तवाहिन्या, नसा, अंगठ्याचे स्नायू तुटले. कंपनीच्या माणसाने आणून दिलेल्या त्या पेट्या किमान छत्तीस तास उपाहारगृहातच होत्या. अपघातानंतर फुटक्या काचा दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने टाकून दिल्या, त्यामुळे खटल्यात मुख्य पुरावाच हजर नव्हता. बाटली कुठे तडकली, हे आकृती काढून सांगावे लागले. आता या बाईने कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध कसा करायचा? बाटलीत वायू जास्त भरला गेला की काचेतच दोष होता, हे तिला कळणार कुठून? बहुमताने तिच्या बाजूने कौल दिला, पण तो एका जुन्या तत्त्वाच्या आधारे. काही घटना अशा असतात की कोणाचा तरी निष्काळजीपणा असल्याशिवाय त्या घडत नाहीत, तेव्हा तो गृहीत धरायला हरकत नाही, असे ते तत्त्व सांगते.

ट्रेनर निकालाशी सहमत झाले, पण कारणाशी नाही. त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले आणि निष्काळजीपणा शोधण्याचा हा खटाटोपच सोडून द्यावा असे सुचवले. आपण तपासणी न करता ग्राहक वस्तू वापरणार, हे माहीत असूनही उत्पादक ती बाजारात आणतो. ती सदोष निघून कोणाला इजा झाली, तर त्याने कितीही काळजी घेतलेली असो, जबाबदारी त्याची. त्यामागे त्यांनी क्रमाने कारणे दिली. दोष आधी ओळखून टाळण्याची ताकद ग्राहकापेक्षा कारखानदाराकडे जास्त असते. एका माणसाला अपघाताचा खर्च उद्ध्वस्त करू शकतो, पण कारखानदार विमा काढून तोच खर्च किमतीत मिसळू शकतो आणि हजारो ग्राहकांत वाटून टाकू शकतो. कारागीर समोर बसून वस्तू घडवत असे तेव्हा गिऱ्हाईक ती पारखून घेत असे. आता माल बंद पाकिटात येतो, जाहिरातीवर आणि नावावर विकला जातो. आणि शेवटचे कारण सर्वांत बोचरे होते. निष्काळजीपणा ‘गृहीत’ धरून न्यायालये प्रत्यक्षात आधीच बिनदोष जबाबदारी लादत होती, फक्त तसे कबूल करत नव्हती. मग उघड का म्हणू नये? त्या दिवशी ट्रेनर यांच्या या मताबरोबर एकही सहकारी नव्हता. कायद्याच्या दृष्टीने त्या निकालपत्राची किंमत शून्य होती, कारण बहुमत ज्या कारणाने निकाल देते तेच कारण पुढे बंधनकारक ठरते.

ते कारण कायदा व्हायला एकोणीस वर्षे लागली. १९६३मध्ये ‘ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स’ हा खटला आला. घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या एका माणसाला त्याच्या पत्नीने १९५५च्या नाताळात करवत, ड्रिल आणि खरादी अशी तिन्ही कामे करणारे यंत्र भेट दिले होते. पुढे खरादीवर लाकूड फिरवताना तो ठोकळा सुटून त्याच्या कपाळावर आदळला. लाकूड पकडून ठेवणारे स्क्रू अपुरे होते. कंपनीचा बचाव तांत्रिक होता. हमीचा भंग झाला असेल तर तसे वाजवी मुदतीत कळवायला हवे होते आणि या माणसाने साडेदहा महिने लावले. या वेळी ट्रेनर यांनी सर्व न्यायमूर्तींच्या वतीने निकाल लिहिला. अशा दाव्यांचा विक्रीच्या करारातील हमीशी संबंध नाही, कायदाच ही जबाबदारी उत्पादकावर टाकतो, त्यामुळे करारातल्या मुदती आणि अटी त्याला वाचवू शकत नाहीत, असे त्यांनी ठरवले. पुढच्याच वर्षी अमेरिकी कायद्याची तत्त्वे संकलित करणाऱ्या अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने हेच तत्त्व आपल्या संहितेत घेतले. ते कलम १९६५मध्ये प्रसिद्ध झाले आणि एकेका राज्याची न्यायालये ते स्वीकारू लागली. युरोपीय समुदायाने १९८५मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीविषयी निर्देश काढला, जपानने १९९४मध्ये कायदा केला. या कोणावरही कॅलिफोर्नियाची सक्ती नव्हती. १९४४मध्ये एकट्याने लिहिलेली कारणे आपल्या बळावर फिरत राहिली.

दुसरे उदाहरण अधिक धाडसाचे आहे, कारण तिथे प्रश्न संघीय संविधानाचा होता आणि वरून आधार मिळण्याची शक्यता कमी होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार गोऱ्या व्यक्तीला कृष्णवर्णीय, ‘मंगोल’ किंवा ‘मलय’ वंशाच्या व्यक्तीशी लग्न करता येत नसे. असेच कायदे तेव्हाच्या अठ्ठेचाळीसपैकी तीस राज्यांत होते. १९४७मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कार्यालयाने एका जोडप्याला या कारणावरून परवाना नाकारला आणि प्रकरण ‘पेरेझ विरुद्ध शार्प’ या नावाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आले. १९४८मध्ये चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने हा कायदा रद्द झाला. ट्रेनर यांच्या निकालपत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. विवाहाचा हक्क एखाद्या वंशाला दिलेला नसून व्यक्तीला दिलेला आहे. ‘तुला या माणसाशी लग्न करता येणार नाही, पण तुझ्या वंशातल्या दुसऱ्या कोणाशीही करता येईल’ असे सांगणे म्हणजे माणसे एकमेकांच्या जागी बदलून चालतात असे मानणे. शिवाय मिश्र वंशाच्या माणसाचा वर्ग कसा ठरवायचा, हे कायद्यात कुठेच सांगितलेले नव्हते. संततीच्या प्रकृतीविषयी पुढे केलेले ‘शास्त्रीय’ दावेही त्यांनी पुराव्याच्या निकषावर तपासले आणि नाकारले. एकोणीस वर्षांनी, १९६७मध्ये, संघीय सर्वोच्च न्यायालयाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात देशभरातले असे सगळे कायदे मोडीत काढले आणि या मार्गावर पहिले पाऊल कॅलिफोर्नियाने टाकल्याची नोंद निकालात घेतली. तो एकमताचा निकाल लिहिणारे देशाचे सरन्यायाधीश होते अर्ल वॉरन. १९४०च्या आयोगात बसलेले तेच.

कारणांवर चालणाऱ्या न्यायाधीशाची आणखी एक कसोटी असते. कारणे खोटी ठरली तर तो स्वतःचा निकाल बदलतो का? १९४२मध्ये एका फौजदारी खटल्यात ट्रेनर यांनीच असा निकाल लिहिला होता की, पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन पुरावा मिळवला असला तरी तो खटल्यात वापरता येतो. पोलिसांना धडा शिकवायचा तर त्यांच्यावर वेगळा दावा लावावा किंवा खात्याने कारवाई करावी, असा त्यामागे विचार होता. तेरा वर्षांनी, १९५५मध्ये, ‘पीपल विरुद्ध कहान’ हा खटला आला. लॉस एंजेलिस पोलिसांनी बेटिंगच्या संशयावरून घरांत शिरून चोरून मायक्रोफोन बसवले होते आणि तेही पोलीसप्रमुखांच्या परवानगीने. ट्रेनर यांनी या वेळी उलट निकाल दिला. दुसरे कोणतेही उपाय कामाला आले नाहीत, न्यायालयेच बेकायदेशीरपणाच्या फळांचे भागीदार होत आहेत, हे अनुभवाने दिसले, असे त्यांनी सांगितले. १९६१मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम देशभर लागू केला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या या अनुभवाचा दाखला दिला. संघराज्यातल्या न्यायालयाचा हा एक मोठा फायदा आहे. एखादा नियम आधी एका राज्यात चालवून पाहता येतो, त्याचे परिणाम इतरांना दिसतात आणि मग देशाला निर्णय घेता येतो.

ग्राहक, विवाह, पोलीस हे मथळ्यांचे विषय झाले. नऊशेहून अधिक निकालपत्रे लिहिणाऱ्या न्यायाधीशाचे रोजचे काम मात्र याहून साधे असते आणि तिथेही पद्धत तीच दिसते. १९५८च्या एका खटल्यात शाळेच्या बांधकामाची निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराला डांबरीकरण करणाऱ्या कंपनीने फोनवरून ७,१३१ डॉलर ६० सेंट असा दर दिला. त्या भरवशावर त्याने आपली निविदा भरली आणि काम मिळवले. दुसऱ्या दिवशी कंपनी म्हणाली, चूक झाली, १५,००० डॉलरच्या खाली जमणार नाही. जुन्या नियमाप्रमाणे प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत तो मागे घेता येतो, म्हणजे कंत्राटदाराने हात चोळत बसायचे. ट्रेनर यांनी विचारले, दर देणाऱ्याला समोरचा त्यावर विसंबून निविदा भरणार हे माहीत होते की नव्हते? होते, तर काही वाजवी काळ तो दर टिकलाच पाहिजे. कंत्राटदाराला दुसऱ्याकडून काम करून घेताना पडलेला ३,८१७ डॉलरचा फरक मिळाला. बांधकाम व्यवसायातल्या निविदांसाठी हा निकाल पुढे इतर राज्यांतही प्रमाण ठरला आणि करार कायदा शिकणारे अमेरिकी विद्यार्थी तो आजही वाचतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. नियम बदलायचे काम लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचे. सात न्यायमूर्तींनी बसून कारखानदारांवर नवी जबाबदारी टाकावी, याला लोकशाही कसे म्हणायचे? इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ट्रेनर यांनी बदललेले बहुतेक नियम विधिमंडळाने केलेलेच नव्हते. ते इंग्रजी परंपरेतून आलेले, न्यायाधीशांनीच खटल्याखटल्यांतून घडवलेले नियम होते. एका न्यायाधीशाने १८४२च्या घोडागाड्यांच्या काळात केलेला नियम दुसऱ्याने मोटारींच्या काळात दुरुस्त करणे हे विधिमंडळाच्या अधिकारावर अतिक्रमण ठरत नाही. दुरुस्ती नाकारणे हाही शेवटी न्यायाधीशाचाच निर्णय असतो, फक्त तो गप्प राहून घेतलेला असतो. आणि विधिमंडळाचा हात कुठे बांधलेला आहे? १९६१मध्ये ट्रेनर यांनी ‘सरकारवर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही’ हा जुना नियम रद्द केला. एका सार्वजनिक रुग्णालयात पडून जखमी झालेल्या रुग्णाचा तो खटला होता. विधिमंडळाने लगेच कायदा करून त्या निकालाचा परिणाम दोन वर्षे थोपवला, अभ्यास करवला आणि १९६३मध्ये सरकारी संस्था कुठे जबाबदार आणि कुठे नाही, याचा तपशीलवार कायदा केला. न्यायालयाने प्रश्न उघडला आणि उत्तर लोकप्रतिनिधींनी दिले. हा प्रश्न त्याआधी कित्येक वर्षे कोणी हातात घेतला नव्हता. संविधानाचा अर्थ लावणाऱ्या निकालांना अर्थातच हे उत्तर पुरत नाही, कारण ते साध्या कायद्याने फिरवता येत नाहीत. म्हणून तिथे कारणांचा भारही जास्त हवा. ‘पेरेझ’मध्ये तो होता, म्हणूनच देशाने पुढे तीच वाट धरली.

दुसरा आक्षेप परिणामांचा आहे. उत्पादकावर अशी जबाबदारी टाकल्याने दावे वाढले, विमा महागला आणि शेवटी किंमत ग्राहकानेच मोजली, असे म्हणणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. १९८०च्या दशकात तिथे विम्याचे दर भडकले तेव्हा हा वाद चांगलाच पेटला होता. त्यात तथ्यही आहे. वस्तूच्या रचनेतला दोष आणि अपुरी सूचना यांच्या बाबतीत नियम फार सैल झाला, असे खुद्द अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने मानले. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या संहितेत या दोन प्रकारांसाठी ‘याहून सुरक्षित पर्याय वाजवीपणे शक्य होता का’ अशी, निष्काळजीपणाच्या जवळ जाणारी कसोटी घातली गेली. कारखान्यात बनताना राहिलेल्या दोषाबाबत मात्र मूळचा कडक नियम तसाच ठेवला. फुटणारी बाटली या प्रकारात बसते. म्हणजे ट्रेनर यांचा विचार पुढच्या पिढीने जसाच्या तसा पूजला नाही, तपासला आणि जिथे तो टिकला तिथे ठेवला. कारणे देऊन केलेल्या कायद्याचा हाच गुण आहे. कारण लिहिलेले असते, म्हणून ते कुठपर्यंत लागू पडते हे नंतरच्यांना मोजता येते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हे सगळे ट्रेनर यांना साधले, कारण काळ आणि जागा अनुकूल होती. १९४०मध्ये सुमारे सत्तर लाख वस्तीचे कॅलिफोर्निया १९७०पर्यंत जवळपास दोन कोटींवर गेले. नव्या समाजात नवे तंटे आले आणि जुने नियम अपुरे पडले. हे मान्य करावे लागेल. पण अनुकूलतेतला सगळ्यात मोठा वाटा लोकसंख्येचा नव्हता, मुदतीचा होता. कॅलिफोर्नियात १९३४पासून अशी पद्धत आहे की गव्हर्नर न्यायमूर्ती नेमतो आणि ठरावीक काळाने मतदारांसमोर एकच प्रश्न ठेवला जातो: यांना पदावर ठेवायचे की नाही? प्रतिस्पर्धी उमेदवार नसतो. पूर्ण मुदत बारा वर्षांची. ट्रेनर यांच्या काळात हे मतदान बहुधा शांतपणे पार पडत असे आणि १९८६पर्यंत एकाही न्यायमूर्तीला मतदारांनी घरी पाठवले नव्हते. एकट्याने लिहिलेले मत एकोणीस वर्षांनी एकमताचा कायदा होते, यासाठी ते लिहिणारा एकोणीस वर्षे न्यायासनावर असावा लागतो.

ही शांतता पुढे टिकली नाही. १९७७मध्ये कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती झालेल्या रोझ बर्ड या त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला. देहदंडाच्या प्रकरणांत त्यांनी प्रत्येक वेळी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. १९८६च्या मतदानात त्यांच्याविरुद्ध जोरदार प्रचार झाला, सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी ‘नको’ म्हटले आणि त्यांच्याबरोबर क्रुझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन हे दोन न्यायमूर्तीही गेले. त्याच न्यायालयात बसलेले ओटो काउस यांनी पुढे म्हटले होते की, वादग्रस्त खटल्यात निवडणूक विसरून निकाल देणे म्हणजे सकाळी दाढी करताना न्हाणीघरातल्या टबमध्ये बसलेल्या मगरीकडे दुर्लक्ष करण्यासारखे आहे. २००९मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यातल्या तीन न्यायमूर्तींना हटवले. जिथे न्यायाधीशपदासाठी थेट लढत होते तिथे पैसाही आला. वेस्ट व्हर्जिनियात ५ कोटी डॉलरचा निकाल विरुद्ध गेलेल्या कोळसा कंपनीच्या प्रमुखाने २००४च्या न्यायालयीन निवडणुकीत एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर ओतले. तो उमेदवार निवडून आला आणि कंपनीच्या अपिलात बसून तीन विरुद्ध दोन अशा निकालाने ती रक्कम रद्द करणाऱ्यांत सामील झाला. त्याने बाजूला व्हायला हवे होते, असे २००९मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. २०२५मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी ९ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला.

लोकांना न्यायाधीश बदलता आलेच पाहिजेत, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोपा आहे: सत्ता आहे तिथे उत्तरदायित्व हवे. पण उत्तरदायित्व कशाचे, हे ठरवायला हवे. आमदाराने निकालाचे उत्तर द्यायचे असते, न्यायाधीशाने कारणांचे. १९४८मध्ये ‘पेरेझ’वर मतदान घेतले असते तर काय झाले असते, याचा अंदाज तीस राज्यांच्या कायद्यांवरून येतो. त्या वेळी समाजात अल्पमतात असलेले कारण पुढे बहुमताचे झाले, ते न्यायाधीश पदावर राहिले म्हणूनच टिकले. यावरचा मध्यममार्ग काहींनी सुचवला आहे आणि तो मला पटतो: पंधरा-अठरा वर्षांची एकच मुदत, फेरनिवड नाही, फेरनेमणूक नाही. निवड करताना लोकप्रतिनिधींनी हवी तेवढी छाननी करावी. एकदा बसल्यावर मात्र पुढचे मत मिळवायचे नाही आणि पुढचे पदही मिळवायचे नाही.

यातला ‘पुढचे पद’ हा भाग आपल्यासाठी आहे. आपल्याकडे न्यायाधीशांची निवडणूक नाही, ही मोठी जमेची बाजू. पण उच्च न्यायालयातील निवृत्तीचे वय बासष्ट आणि नेमणूक बहुधा पंचेचाळिशीनंतरची, त्यामुळे हाती येणारी वर्षे मोजकी. त्यात बदल्या आणि दिल्लीच्या बढतीची वाट पाहणे. एम. सी. छागला १९४७ ते १९५८ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि न्यायाधीश म्हणून दिल्लीला गेले नाहीत, पण म्हणून त्यांच्या न्यायालयीन कामाला कोणी दुय्यम म्हणत नाही. असे सलग दशक मुख्य न्यायमूर्तीला मिळणे आज दुर्मीळ आहे. ज्या विचाराची पहिली मांडणी एका राज्याच्या न्यायाधीशाने १९४४मध्ये केली, तो २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून आपल्याकडेही आला आहे. त्या कायद्यातले उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण जुलै २०२०पासून लागू आहे आणि सदोष वस्तूमुळे इजा झालेला ग्राहक त्याआधारे उत्पादकाकडून भरपाई मागू शकतो. त्या तरतुदींचा अर्थ आता ग्राहक आयोग आणि न्यायालये लावतील. ते करताना कोणाचा आदेश वरचा आहे यापेक्षा कोणाचे कारण अधिक टिकाऊ आहे, हे पाहिले जाईल का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाहिले जावे असे वाटत असेल, तर न्यायाधीशांना कारण घडवायला वेळ द्यावा लागेल. आणि त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना, ते कुठपर्यंत पोचले याआधी, त्यांचे निकाल कुठपर्यंत पोचले हे विचारावे लागेल.